हवा मारून या

डॉक्टर मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा आमच्याकडे वळवला तेव्हा मला वाटलं, आता एखादी गाठ दिसणार. गाठ नव्हती. दोन्ही फुप्फुसांच्या तळाशी आणि कडेकडेने पांढरी जाळी होती, मधाच्या पोळ्यासारखी. मॅडमनी पेनाचं टोक त्या जाळीवरून फिरवलं आणि म्हणाल्या, “ह्याला इंटरस्टिशियल लंग डिसीज म्हणतात. आयएलडी.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. फुप्फुसात हवेचे बारीक बारीक फुगे असतात. त्यांच्या मधल्या भिंती सुजतात, मग कडक होतात आणि त्यांच्यावर वण धरतो. वण धरलेली जागा पुन्हा मऊ होत नाही. हवा आत जाते, पण तिच्यातला प्राणवायू रक्तात उतरत नाही. “आजार थांबवायचा प्रयत्न करू,” मॅडम म्हणाल्या. “झालेलं नुकसान भरून निघेल असं मी सांगणार नाही.”

माझे मिस्टर काशिनाथ दोन्ही हात मांडीवर ठेवून, शाळेत बसावं तसे बसले होते. वय अठ्ठेचाळीस. बिडी नाही, दारू नाही. हळदीच्या कार्यक्रमात सगळे नाचत असताना वाढायला उभे राहणारे.

मॅडम कामाबद्दल विचारू लागल्या. काय काम करता, किती वर्षं, शेडला खिडक्या आहेत का, तोंडावर काय बांधता. हे एकेक सांगत गेले. भिवंडीत पॉवरलूमवर, सव्वीस वर्षं, आधी सुती माल, नंतर सगळा पॉलिएस्टर. खिडक्या आहेत पण बंद, वाऱ्याने धागा तुटतो म्हणून. तोंडाला रुमाल, तोही कधीमधी.

“शिफ्ट संपल्यावर अंग कसं साफ करता?”

“हवा मारतो,” हे म्हणाले. “कंप्रेसरचा पाइप असतो ना, तो अंगावर मारायचा. डोक्यापासून पायापर्यंत. सगळी रुई उडते.”

“रोज?”

“रोज म्हंजे रोजच. हिला घरात रुई चालत न्हाय, मॅडम. लय साफसफाईवाली हाय.” आणि माझ्याकडे बघून हसले. कौतुकाने हसले.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही, आणि त्यावरूनच मला काय ते कळलं.

हे मी का लिहिते आहे ते आधीच सांगते. भिवंडीच्या नारपोलीत, राहनाळमध्ये आणि आमच्यासारख्या कितीतरी वस्त्यांमध्ये बायका आजही दारात उभं राहून मी म्हणत होते तेच वाक्य म्हणतात. त्यांच्यातल्या एकीने जरी हे वाचलं तरी पुरे.

मी अंगणवाडी सेविका आहे. पोरांचे हात धुणं, नखं कापणं, नाक पुसणं यात माझी उभी हयात गेली. माहेर अंजूरचं. आमच्या आगरी माणसांत लूमवर जाणारे कमी, जमीन गोडाऊनला देऊन भाड्यावर बसलेले जास्त. ह्यांच्या वाट्याला जमीन आली ती खाडीलगतची, तिला गोडाऊनवाल्यानेही विचारलं नाही. म्हणून लग्नाआधीच हे नारपोलीत लूम शिकले. उत्तम शिकले. पुढे मास्टर झाले, म्हणजे लूम बिघडला की त्याच्या पोटाखाली आडवं होऊन तो चालू करून देणारा माणूस.

आधी सुती लूम होते. कापसाच्या धुळीने छाती भरते हे तेव्हा सगळ्यांना ठाऊक होतं. जुने विणकर खोकून खोकून वाकलेले आम्ही पाहिलेले. मग ह्यांच्या कारखान्यात पॉलिएस्टर आलं. आमची नयना तेव्हा रांगत होती. मी देवापुढे साखर ठेवली. पॉलिएस्टर गुळगुळीत, धुतलं की पटकन सुकतं, त्याची कसली आली आहे धूळ, असा माझा समज. माझाच कशाला, शेठचा, कामगारांचा, सगळ्या भिवंडीचाच तो समज होता.

धूळ होती. सुती रुई तरी जड, जमिनीवर बसायची. ही बसायचीच नाही. दिव्याखाली पाहिलं तर हवेत बारीक केसांसारखे तंतू तरंगताना दिसायचे. आम्ही त्यालाही रुईच म्हणायचो. हे घरी आले की केसांत, भुवयांत, कानांत रुई. उंबऱ्यातून आत आले की ती आमटीत, पाण्याच्या हंड्यावर, नयनाच्या गोधडीवर.

मी एक दिवस ओरडले. म्हटलं, ह्या अवतारात घरात पाऊल टाकायचं नाही. कारखान्यात हवेचा पाइप आहे ना? मग हवा मारून या.

दुसऱ्या दिवशी हे स्वच्छ होऊन आले. मी खूश झाले. पुढे सवयच लागली. कधी घाईत तसेच आले तर मी दारातूनच म्हणायची, “हवा मारली का?” की हे परत जायचे. दहा मिनिटांची वाट. जायचे, काही न बोलता. शेजारणी म्हणायच्या, सुनंदाने नवऱ्याला काय वळण लावलंय. मला बाई त्याचा मोठा अभिमान.

बंद खोलीत, चार-पाच माणसं एकदम, एकमेकांच्या पाठीवर हवेचा झोत मारतात. अंगावरची रुई उडते म्हणजे जाते कुठे, हा प्रश्न मला वीस वर्षांत एकदाही पडला नाही. पोरांना मी शिकवते, झाडताना आधी पाणी शिंपडा, धूळ नाकात जाते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आजार कधी सुरू झाला हे नेमकं सांगता येत नाही. पहिली खूण खोकला नव्हती. पहिली खूण ह्यांचा आवाज होता.

लूमवाल्यांचा आवाज मोठा असतो. दिवसभर खडखडाटात ओरडून बोलायचं, कानही थोडे गेलेले, मग घरात मीठ मागायचं तरी गावाला ऐकू जाईल असं. मी नेहमी म्हणायची, बहिरी नाही मी, हळू बोला. दोन वर्षांपूर्वी हे हळू बोलू लागले. मला वाटलं, उशिरा का होईना शहाणपण आलं. एका वाक्यात मध्येच थांबायचे, मग उरलेलं वाक्य बोलायचे. मी त्यालाही सभ्यपणा समजले. खरं तर मोठ्याने बोलायला छातीत हवाच पुरत नव्हती.

मग कोरडा खोकला आला. कफ नाही, ताप नाही, नुसता ठसका. लूमवर खोकल्याला कोणी आजार मानत नाही. शिफ्ट सुटली की गुळाचा खडा खायचा, गुळाने रुई घशातून पोटात उतरते, अशी तिथली समजूत. ह्यांच्या डब्यात मी रोज गूळ द्यायची. वाढत्या खोकल्याबरोबर गुळाचा खडाही वाढवला.

एका रविवारी आम्ही नात्यातल्या साखरपुड्याला गेलो. हॉल दुसऱ्या मजल्यावर. अर्ध्या जिन्यात हे कठड्याला धरून उभे राहिले आणि खाली चपलांकडे बघू लागले. मी म्हटलं, काय हरवलं? म्हणाले, “काय न्हाय. तू व्हो पुढं.” त्या दिवशी मला पहिल्यांदा भीती वाटली.

गल्लीतल्या दवाखान्यात खोकल्याचं औषध झालं, पंप झाला, इंजेक्शनं झाली. मग डॉक्टरांनी थुंकी तपासायला सांगितली. टीबी असेल, ह्या विचाराने मी घरी कोणाला कळू दिलं नाही. ताटवाटी वेगळी केली आणि नयनाला सांगितलं, बाबांना पथ्य आहे. थुंकीत टीबी निघाला नाही. पुन्हा तपासली, तेव्हाही नाही. आम्ही कारण न सांगता पेढे वाटले. टीबी नाही म्हणजे काहीच नाही, असं धरून आणखी सात-आठ महिने घालवले. आज वाटतं, टीबी असता तर निदान औषधाने बरा झाला असता.

तुमच्या घरात कोणाला दोन-तीन आठवड्यांच्या वर कोरडा खोकला असेल, चढ चढताना दम लागत असेल, आणि ते धुळीत किंवा धाग्यात काम करत असतील, तर आमच्यासारखं थांबू नका. छातीच्या डॉक्टरांकडे जा, आणि काम काय करतो ते न विचारताही सांगा.

शेवटी एका ओळखीच्या नर्सने ह्यांची बोटं पाहिली. नखं फुगून पुढे वाकली होती, पळीच्या पाठीसारखी. ह्याला क्लबिंग म्हणतात, शरीराला फार दिवस प्राणवायू कमी पडला की काही आजारांत असं होतं. ती म्हणाली, ताई, इथे वेळ घालवू नका, मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात न्या.

तिथल्या छातीच्या ओपीडीत आम्ही मंगळवार आणि शुक्रवार धरून किती वेळा बसलो याची गणती नाही. नंबर सकाळी लागायचा, नाव दुपारी पुकारलं जायचं. लाकडी बाकं आणि खोकणारी माणसं. रांगेत एक गृहस्थ होते, त्यांनी गच्चीवर कबुतरं पाळली होती. एक जण दगडाच्या खाणीतला. एक मावशी, त्यांना कशाने झालं ते कोणालाच कळलं नव्हतं. सगळ्यांचं एकच बोलणं, तुम्हाला किती? म्हणजे बोटाला लावायच्या चिमट्यात प्राणवायूचा आकडा किती येतो. ह्यांचा बसल्यावर ब्याण्णव, चालल्यावर त्र्याऐंशी.

डॉक्टरांनी पाठीला नळी लावून ऐकलं आणि मलाही ऐकवलं. आत चर्रर्र आवाज येत होता, पोरांच्या बुटाचा चिकटपट्टा ओढताना येतो तसा. मग पीएफटी झाली. ही फुंकण्याची तपासणी. नळी तोंडात धरून जोर लावून फुंकायचं, फुप्फुसात किती हवा मावते ते मशीन सांगतं. ह्यांना फुंकता येईना, ठसका लागायचा. नंतर सिक्स मिनिट वॉक टेस्ट, सहा मिनिटं व्हरांड्यात चालायचं. चौथ्या मिनिटाला ह्यांना खुर्ची दिली. मग एचआरसीटी, म्हणजे छातीचे पातळ पातळ काप केल्यासारखे घेतलेले फोटो. तीच पांढरी जाळी.

ब्रॉन्कोस्कोपीही केली. नाकातून बारीक कॅमेरा फुप्फुसात घालतात, पाणी सोडून ते परत ओढून घेतात आणि एक कणभर तुकडा काढतात. त्याला बायोप्सी म्हणतात. मी बाहेर बसले होते. नयना राहनाळच्या गोडाऊनमधली ड्युटी टाकून आली होती. ती तिथे पार्सलं स्कॅन करते. ती मोबाइलवर काहीतरी वाचत होती. मला म्हणाली, “आई, पॉलिएस्टर म्हणजे प्लास्टिकच गं.”

मी तिच्यावर खेकसले. काहीतरी काय बोलतेस, कापड आहे ते. अंगावर घातलंयस तू.

“पाण्याची बाटली ज्याची असते ना, त्याचाच धागा.”

माझ्या अंगणवाडीच्या दारावर मीच कागद लावला आहे, प्लास्टिकची पिशवी आणू नये. आणि घरातला माणूस वीस वर्षं प्लास्टिक विणत होता, हे मला हॉस्पिटलच्या बाकावर बसून कळलं.

रिपोर्ट आल्यावर मॅडमनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण ह्या विषयावर लोक वाटेल ते बोलतात. “तुकड्यात काही बारीक तंतू दिसले. ते धाग्याचे असावेत. बंद शेडमध्ये वर्षानुवर्षं कृत्रिम धाग्याची धूळ घेणाऱ्या कामगारांना असा आजार होऊ शकतो, हे डॉक्टरांना माहीत आहे. फक्त ह्यानेच झालं, असं मी सही करून देऊ शकत नाही. सुती धूळ होती, तेल होतं, प्रत्येकाची प्रकृती वेगळी असते. पण ह्याचा वाटा नाही असं म्हणणार नाही.”

मी विचारलं, मग आपल्या घरातल्या हवेतही हे असतं का?

“असतं. कपडे, पडदे, टायर, सगळ्यांतून प्लास्टिकचे कण सुटतात आणि श्वासाबरोबर आत जातात. एवढ्याशा प्रमाणाने काय अपाय होतो, हे अजून शोधलं जातंय. मी उगाच घाबरवणार नाही, आणि निश्चिंत राहा असंही सांगणार नाही. पण ताई, तुमच्या खोलीतली हवा आणि त्या शेडमधली हवा ह्यांची बरोबरी करू नका.”

मी केलीच. घरी आल्यावर पडदे काढले, सिंथेटिक साड्यांचं गाठोडं बांधलं, पाहुण्यांची मऊ ब्लँकेटं बाहेर टाकली. नयनाच्या कॉलेजच्या वेळचा ड्रेस ओढून काढताना ती रडायला लागली. हे खुर्चीत बसून बघत होते. म्हणाले, “आता मना पन टाक भायेर. माज्यात पन तेच हाय.”

मी तिथेच खाली बसले आणि हसता हसता रडले.

पुढच्या वेळी मॅडमनी मला चांगलं झापलं. म्हणाल्या, घर ओल्या फडक्याने पुसा, खिडक्या उघड्या ठेवा, झाडू कमी मारा, आणि माणसाकडे लक्ष द्या, पडद्यांकडे नको.

ह्यांचं लूमवर जाणं बंद झालं. शेठ स्वतः घरी आले. जुनं कोकणी मुसलमान घराणं, ह्यांच्याएवढ्याच वयाचे, दोघं एकमेकांना अरे-तुरे करणारे. त्यांनी डोळे पुसले. “काशिनाथ, मना म्हाईत नव्हतं रे,” एवढंच म्हणाले. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. त्यांना ठाऊक नव्हतं ते मलाही ठाऊक नव्हतं, आणि पाइप अंगावर मारा असं त्यांनी तर कधी सांगितलं नव्हतं.

स्टिरॉइड सुरू झालं. सूज उतरवायचं हे औषध, पण माणूस त्याने बाहेरून सुजतो. ह्यांचा चेहरा गोल झाला, भूक वाढली, चिडचिड वाढली. भेटायला येणारे म्हणायचे, तब्येत सुधारली की! वण वाढू नये म्हणून दुसरी गोळी होती, तिने अन्नाची वासना गेली. न्यूमोनियाची लस झाली. श्वासाचे व्यायाम झाले, ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडायचा. काही आठवडे बरं वाटलं. एकदा हे कोपऱ्यापर्यंत जाऊन पाव घेऊन आले. मी त्या पावाचा फोटो काढून बहिणीला पाठवला.

मग ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आला. खोलीतल्या हवेतला प्राणवायू वेगळा काढून नळीने नाकात सोडणारं हे मशीन. दिवसरात्र घरघर करायचं. सुरुवातीला दिवसाला दोन तास, मग आठ, मग सुटेचना. न्हाणीघरापर्यंत जायला नळी पुरेना म्हणून लांब नळी आणली.

ह्या सगळ्या दिवसांत माझ्या पोटात एकच गोष्ट होती. मॅडमच्या खोलीतलं ते हसू. “हिला घरात रुई चालत न्हाय.” ह्यांना काय कळलं होतं, काय नाही? मी सांगायचं की नाही? नाही सांगितलं तर हा माणूस माझं कौतुक करत करत जाणार. सांगितलं तर उरलेला श्वासही मी कडू करणार. रोज मनाशी ठरवायची, आणि रोज चहाचा कप पुढे करून परत यायची. बहिणीला सांगितलं, तर ती म्हणाली, गप्प राहा, देवाने तुला शिक्षा दिलीच आहे. ते ऐकून तर जास्तच वाटलं, की सांगायला हवं.

एका शुक्रवारी दुपारी सांगितलं. शुक्रवारी आमच्याकडचे बरेच लूम बंद असतात. एरवी जमिनीतून पायाला जाणवणारा खडखडाट नसतो, माणसाला माणूस ऐकू येतो. नयना ड्युटीवर होती. मी ह्यांच्या पायांना तेल लावत होते. पायांकडेच बघत बोलले, तोंडाकडे बघायची हिंमत नव्हती.

“अहो, तो पाइप. मी लावला तुमच्या मागे.”

मला वाटलं ऐकू गेलं नाही. पुन्हा बोलायला तोंड उघडलं तर म्हणाले, “मना म्हाईत हाय.”

“कधीपासून?”

“मॅडमनी पेन ठेवला... तवापासून.”

म्हणजे पहिल्या दिवसापासून. मी जे दहा महिने लपवलं ते त्यांनीही दहा महिने लपवलं होतं, मी मोडून पडू नये म्हणून. मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्यांनी ते उचलायचा प्रयत्न केला, पण हातात जोर नव्हता, म्हणून केसांतच बोटं ठेवली.

मग ते बोलले. एका दमात बोलता येत नव्हतं, दोन-तीन शब्द आणि श्वास, दोन-तीन शब्द आणि श्वास. ऐकायला दहा मिनिटं लागली असतील, लिहायला एवढंच आहे.

“पाइप समदेच मारतात. त्यांच्या बायका कुठं सांगतात? लूमवर तर दिसभर हवा मारतो आमी. तू एकटीनं न्हाय केलं.” थांबले. पाणी मागितलं, घोटभर घेतलं. “आन दुसरं सांगतो. नयना बारकी व्हती. मी दारात आलो का पायाला चिकटायची. तोंड माज्या शर्टात घालायची, म्हाईत हाय ना? तू बोलली नसतीस, तर ती रुई... पोरीच्या नाकात गेली आसती. मी तिला साफ अंगानं उचलली, सुनंदा. रोज. मना त्याचा राग कसा येल?”

मला ते पटलं का? नाही पटलं. आजही पूर्ण पटत नाही. कपडे कारखान्यातच बदलून आले असते तर पोरगीही वाचली असती आणि बापही, हे आता मला कळतं. पण त्यांनी ते दिलं, आणि मी ते घेतलं. जेवढी हवा त्या बोलण्याला लागली तेवढी त्यांच्याकडे नव्हती, तरी त्यांनी ती माझ्यावर खर्च केली. असं दिलेलं नाकारायचं नसतं.

त्यानंतरचे दिवस, आजार वाढत असूनही, आमच्या संसारातले चांगले दिवस होते. आम्ही बोलायचो. ते थोडं, मी जास्त. मी त्यांना अंगणवाडीतल्या गमती सांगायची आणि ते हसायचे, पण हसण्याने ठसका लागायचा, मग मी गमती अर्ध्यावर सोडून द्यायची. “फुडं काय?” विचारायचे. “उद्या,” म्हणायची मी.

श्रावण संपता संपता साधी सर्दी झाली. तीन दिवसांत आकडा सत्तरवर आला. डॉक्टर ह्याला अ‍ॅक्यूट एक्झॅसर्बेशन म्हणतात, म्हणजे आधीच दुखावलेलं फुप्फुस एकदम भडकून उठतं. आयसीयूत मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “व्हेंटिलेटर लावता येईल. पण ह्या आजारात एकदा नळी घातली की ती काढण्याची वेळ बहुधा येत नाही. त्यांचं काय मत होतं?”

त्यांचं मत मला ठाऊक होतं, नळी नको. ते मी एका दमात सांगितलं, याचं मला अजून नवल वाटतं. मॅडमनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, मग त्यांना गुदमरू देणार नाही, एवढं मी बघते. त्यांनी ते बघितलं. दम लागल्याची भीती कमी करणारं औषध दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला, नयना एका बाजूला आणि मी एका बाजूला असताना, हे शांतपणे गेले. त्या मॅडमचे आणि त्या वॉर्डातल्या मुलींचे उपकार मी विसरणार नाही. माझ्यावर बोट ठेवण्याचा हक्क असलेली ती पहिली बाई, पण तिने एकदाही ठेवलं नाही.

पंधरा दिवसांनी मी कामावर गेले. घरी बसून भिंती खायला उठतात.

गेल्या महिन्यात अंगणवाडीत एक नवीन बाई पोराचं नाव घालायला आली. उत्तर प्रदेशातली, नवरा शांतिनगरकडे लूमवर. मी नेहमीप्रमाणे विचारलं, घरात स्वच्छता कशी ठेवता. ती फुशारकीने म्हणाली, “दीदी, मैं तो एकदम साफ रखती हूँ. आदमी को बोल के रखा है, कारखाने से हवा मार के आओ, तभी घर में घुसना.”

पोरं बाहेर नाव पुकारायची वाट बघत होती. मी रजिस्टर मिटलं. तिला आत नेलं, चटईवर बसवलं आणि सगळं सांगितलं. माझ्या मोडक्यातोडक्या हिंदीत, गुळापासून आयसीयूपर्यंत, दारातल्या माझ्या वाक्यासकट. परक्या माणसाला पहिल्यांदाच सांगत होते. तिने पदर तोंडाला लावला. पोर तिच्या मांडीवर येऊन पडलं होतं, त्याचे केस ती उगाच सारखे करत होती.

“तो अब क्या करूँ, दीदी?” तिने विचारलं. “ऐसे ही अंदर आने दूँ? बच्चा छोटा है.”

मी तिला, नवऱ्याला कपडे कारखान्यातच बदलायला सांगायचं, थैलीत बांधून आणायचं, न झटकता पाण्यात बुडवायचं, तोंडाला बारीक कण अडवणारा मास्क लावायचा, आणि पाइप अंगावर कधीच नाही, हे एकेक करून सांगितलं. तिने मान डोलावली. मग उठताना म्हणाली, “डाँटूँगी आज उसको, कि क्यों मारता है.”

“डाँटना नहीं,” मी म्हटलं. “वो तुम्हारे लिए मारता है.”

तिने पोराला कडेवर घेतलं आणि रजिस्टरमध्ये नाव घालायचं विसरून घराकडे निघाली. तिचा नवरा आठला यायचा होता.